बिघडलेला कॅमेरा आणि सुट्या भागांची मक्तेदारी

ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून परतू लागल्या, म्हणजे बीड जिल्ह्यात लग्नसराईला खरा भर येतो. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतील कितीतरी वाड्या-तांड्यांवर दिवाळीपासून कुलपे लटकत असतात. म्हाताऱ्यांच्या हवाली घर करून, मुकादमाची उचल अंगावर घेऊन नवरा-बायकोचा कोयता कारखान्याच्या फडात गेलेला असतो. ही माणसे चैत्रात परतली की मगच मांडव पडतात, वाजंत्री ठरते, आचारी ठरतो आणि तालुक्याच्या बाजारपेठेतील फोटो स्टुडिओवाल्याला ऑर्डरी येतात. त्याचे वर्ष या दोन-अडीच महिन्यांवर उभे असते. बाकीच्या काळात ओळखपत्राचे फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन आणि एखादा सत्कार समारंभ यांवर दुकानाचे भाडे कसेबसे सुटते.

अशा ऐन हंगामात कॅमेऱ्याच्या पडद्यावर चुकीचा संकेत उमटतो आणि बटण दाबले तरी शटर हलत नाही. आता तो दुरुस्त करावा की नवा घ्यावा, हा प्रश्न वरकरणी अगदी खाजगी वाटतो. चळवळीच्या साप्ताहिकाने त्याची दखल कशासाठी घ्यावी, असे विचारणारे कार्यकर्तेही निघतील. छायाचित्रकार हा छोटा धंदेवाला, म्हणजे मालकवर्गातला. त्याचे दुखणे त्याने पाहावे, असा हा युक्तिवाद आहे. तो फार वरवरचा आहे. या माणसाकडे भांडवल म्हणून जे काही आहे ते एक कॅमेरा, दोन लेन्स, एक फ्लॅश आणि हप्ते न फिटलेला संगणक एवढेच. तो कोणाचे श्रम विकत घेत नाही. स्वतःचे श्रम विकतो. हत्यार नावापुरते त्याच्या मालकीचे आहे. ते किती वर्षे चालावे, त्याचे भाग कोणाला मिळावेत, ते कोणी उघडावे आणि केव्हा ते भंगार समजावे, हे सगळे दूर कुठेतरी ठरते. कारागिराच्या हत्यारावर दुसऱ्याचा ताबा असणे हा प्रश्न चळवळीला परका असण्याचे काही कारण नाही.

एक काळ असा होता की हत्यार आणि ते दुरुस्त करणारा हात एकाच गावात सापडत. बडोद्याला तयार होणारा आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा मराठवाड्यातल्या अनेक मध्यमवर्गीय घरांत होता. एक भिंग, एक झडप, रीळ फिरवण्याची कळ. त्यात बिघडायला होतेच किती? घड्याळजीसुद्धा तो उघडून साफ करून देई. जुन्या रेडिओच्या पाठीमागच्या झाकणाला आतून मंडलाचा नकाशा चिकटवलेला असे. कंपनी तो नकाशा देत होती, कारण रेडिओ बिघडणार आणि तो कोणीतरी दुरुस्त करणार हे ती गृहीत धरून होती. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्याने ‘इंदू’ या नावाने फिल्म काढली. फिल्मचा जमाना सरला, कारखाना तोट्यात बुडत गेला आणि २०१४ साली केंद्र सरकारने तो बंद करण्याचा निर्णय घेतला. फिल्मच्या जागी डिजिटल तंत्र आले तेव्हा त्या क्षेत्रात देशाचे स्वतःचे असे काही उभे राहिले नाही. बाजारातील कॅमेरे प्रामुख्याने मूठभर जपानी कंपन्यांचे. ते जपान, तैवान, थायलंड, चीन अशा ठिकाणी जुळवले जातात. ऑक्टोबर २०११ मध्ये थायलंडमधील अयुथ्याला पूर आला, निकॉनचा तेथील कारखाना पाण्याखाली गेला आणि जगभरचा पुरवठा अडखळला. बीडच्या कारागिराची हत्यारे किती लांबच्या धाग्याला लोंबकळत आहेत याची त्यावरून कल्पना यावी.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दुरुस्ती की नवी खरेदी, याचे सरसकट उत्तर नाही. ते बिघाड कोणता यावर अवलंबून आहे. आणि बिघाड कोणता हे समजून न घेताच बहुतेक निर्णय होतात, ही खरी अडचण आहे. कॅमेरा बंद पडला की दुकानदार म्हणतो, हे मॉडेल आता जुने झाले, बदलून टाका. तो खोटे बोलतो असे नव्हे, पण त्याचा नफा विक्रीत आहे, निदानात नाही.

लेन्स आणि बॉडी यांच्यातील संपर्क बिघडल्याचा संकेत पडद्यावर आला, तर पुष्कळदा दोष धातूच्या टिकल्यांवर साचलेल्या मळाचा असतो. मऊ कोरड्या फडक्याने त्या पुसल्या की काम भागते. तेवढ्याने भागले नाही तर शेजारच्या स्टुडिओतून त्याच जातीची दुसरी लेन्स आणून लावून पाहावी. तिने कॅमेरा चालला तर बॉडी निर्दोष आहे, दुखणे लेन्सचे आहे. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या स्वस्त झूम लेन्समध्ये आतील पातळ पट्टीसारखी तार झूम मागेपुढे करून करून तुटते. मग पूर्ण उघड्या छिद्रावर फोटो निघतो आणि छिद्र लहान करताच कॅमेरा अडतो. ही तार स्वस्त असते. दाम असते ते लेन्स उघडून पुन्हा नेमकी बसवणाऱ्या हाताला. बॅटरी आणि कार्ड बदलून पाहणे ही तर पहिली पायरी, पण घाबरलेल्या माणसाला तीच आठवत नाही.

शटरची गोष्ट वेगळी आहे. ते झिजणारच. साध्या प्रतीच्या कॅमेऱ्याचे शटर साधारण लाखभर फोटोंच्या चाचणीला उतरलेले असते. एका लग्नात दीड हजार फोटो आणि हंगामात चाळीस लग्ने धरली तर साठ हजार होतात; म्हणजे दुसऱ्याच हंगामात लाखाची वेस ओलांडली जाते. शहरातल्या हौशी माणसाला जो कॅमेरा दहा वर्षे पुरतो, तो इथे दोन वर्षांत थकतो. लाख झाले की शटर तुटते असे नाही, दुप्पट चाललेलीही असतात. पण तुटले तर तो कॅमेऱ्याचा मृत्यू समजू नये. बैलगाडीची धाव झिजली म्हणून कोणी गाडी मोडीत काढत नाही. बाकीची बॉडी ठीक असेल तर शटर बदलणे ही किफायतशीर दुरुस्ती आहे. सेन्सरवर बसलेली धूळही तशीच. बालाघाटाच्या पठारावर मार्चनंतर धुळीला काय तोटा? आकाशाच्या फोटोत काळे ठिपके दिसू लागले की कित्येक जण सेन्सर गेला असे समजतात. त्याला फक्त सफाई लागते. लेन्समधली बुरशी वेळेवर साफ केली तर जाते. तिने भिंगावरचा लेप खाल्ला असेल तर मात्र पैसे घालवू नयेत.

पाण्याचा मामला सर्वांत कठीण. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, सिंदफणेसह नद्यांना पूर आले, आणि त्या पुराने जिल्ह्यातल्या शेताबरोबरच घर-दुकानातल्या वस्तूही भिजवल्या. भिजलेला कॅमेरा चालतो का ते पाहण्यासाठी लगेच बटण दाबणे, ही सर्वांत घातक चूक. बॅटरी आणि कार्ड तत्काळ काढावे, वीज लावू नये, उन्हात किंवा शेगडीजवळ तापवू नये आणि शक्य तितक्या लवकर तो उघडून आतून साफ करून घ्यावा. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवल्याने आतला गंज थांबत नाही. मुख्य पाटीवर, ज्याला सगळे मदरबोर्ड म्हणतात तिच्यावर, गंज चढला असेल तर दुरुस्तीनंतर चार महिन्यांनी ऐन वरमालेच्या वेळी तो कॅमेरा पुन्हा दगा देतो. अशा कॅमेऱ्यावर पैसा ओतणे शहाणपणाचे नाही. ‘काहीही झाले तरी दुरुस्तच करावे’ असा जो एक भाबडा आग्रह अलीकडे पर्यावरणाच्या नावाने ऐकू येतो, तो पोट त्याच वस्तूवर अवलंबून नसलेल्यांना परवडतो. लग्नाचा क्षण पुन्हा येत नाही. एका चुकलेल्या ऑर्डरीची भरपाई पुढच्या वर्षीच्या बदनामीतून होत राहते, आणि गावात बदनामीचा हप्ता कोणत्याही फायनान्स कंपनीच्या हप्त्यापेक्षा जड असतो.

तरीही या हिशेबात व्यक्तीच्या निवडीला जेवढे महत्त्व दिले जाते तेवढे ते नाही. दुरुस्तीचा खर्च आणि नव्याची किंमत यांची तुलना करा, असा उपदेश कोणीही करील. पण हा खर्च ठरतो कसा? अधिकृत सर्व्हिस सेंटर मोठ्या शहरात. तेथे पुष्कळदा बिघडलेला एक बारीक भाग बदलण्याऐवजी तो ज्या संचात बसतो तो अख्खा संचच बदलला जातो आणि अंदाजपत्रक नव्या बॉडीच्या किमतीला जाऊन भिडते. तालुक्याचा किंवा जिल्ह्याचा कारागीर तोच बारीक भाग बदलू शकतो, पण त्याला तो मिळत नाही. निकॉनने २०१२ साली अमेरिकेत स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना सुटे भाग विकणे थांबवले आणि २०२० साली ज्या थोड्या बाहेरच्या दुकानांना अधिकृत परवानगी होती तीही व्यवस्था गुंडाळली. हे अमेरिकेत घडले, जिथे ग्राहक बोलका आणि वकील हाताशी आहे. भारतातील छोट्या कारागिराची पत त्यापुढे किती? तो मृत कॅमेऱ्यांचे अवयव काढून जिवंत कॅमेऱ्यांना लावतो. मॉडेलचे उत्पादन थांबल्यानंतर किती वर्षे भाग मिळतील, हे खरेदीच्या पावतीवर छापलेले नसते. म्हणजे ग्राहक वस्तू विकत घेतो तेव्हा तिचे आयुष्य किती हे विकणाऱ्यालाच अधिक ठाऊक असते.

वस्तूचे आयुष्य ठरवून आखडण्याची प्रवृत्ती भांडवलशाहीला नवी नाही. १९२४ साली जिनिव्हात युरोप-अमेरिकेतल्या दिव्यांच्या बड्या कंपन्यांनी फीबस नावाचा संघ केला आणि विजेच्या दिव्याचे आयुष्य हजार तासांवर आणून बसवले. अधिक टिकणारा दिवा काढणाऱ्या सभासदाला दंड होता. आजच्या कॅमेरा कंपन्यांनी असा उघड करार केला आहे असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. त्यांना त्याची गरजही नाही. बाजारच आटला आहे. जगातील डिजिटल कॅमेऱ्यांची रवानगी २०१० साली १२ कोटींच्या वर होती, ती २०२३ साली ८० लाखांच्या आत आली. खिशातला छोटा कॅमेरा मोबाइलने गिळला. शासनाचे कामही मोबाइलच्या फोटोवर चालू लागले: १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने पिकाचा फोटो काढून ई-पीक पाहणी नोंदवायची, १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावर मजुरांच्या हजेरीचा फोटो दिवसातून दोनदा पाठवायचा, असे नियम झाले. उरलेल्या गिऱ्हाइकाकडून, म्हणजे मुख्यतः पोटासाठी कॅमेरा वापरणाऱ्याकडून, अधिक वसूल करणे हाच कंपन्यांपुढचा मार्ग उरला. २०१८ पासून कॅनन आणि निकॉन यांनी आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांची नवी मालिका आणली. तिची लेन्स बसवण्याची खोबण वेगळी. बॉडी बदलली की जुन्या लेन्ससाठी जोडणीचे कडे विकत घ्या. निकॉनच्या काही जुन्या लेन्स, ज्यांचा फोकस कॅमेऱ्यातल्या मोटारीवर चालतो, त्या कंपनीच्या कड्यावर आपोआप फोकस होतच नाहीत. नव्या खरेदीची किंमत म्हणून दुकानात जो आकडा सांगतात, त्यात हे काहीच धरलेले नसते.

या स्थलांतराचा एक उलटा परिणाम मात्र कारागिराच्या फायद्याचा आहे. शहरातले छायाचित्रकार नव्या मालिकेकडे गेले आणि त्यांचे आरसावाले कॅमेरे जुन्या बाजारात स्वस्तात आले. म्हणून दुरुस्ती की नवा, या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरा रस्ता आहे: त्याच मॉडेलची वापरलेली, पण कमी फोटो काढलेली बॉडी घ्यायची आणि बिघडलेली जुनी बॉडी भागांसाठी जपून ठेवायची. लेन्स, बॅटरी, फ्लॅश सगळे तेच राहते. हातालाही बटणे ओळखीची. दुरुस्तीचा खर्च अशा वापरलेल्या बॉडीच्या निम्म्याहून वर जात असेल तर दुरुस्तीचा आग्रह सोडावा. मात्र घेताना शटर किती वेळा चालले याचा आकडा तपासावा आणि पावती घ्यावी. ‘बिलाशिवाय दोन हजार कमी’ या आमिषाला तालुक्यातले कित्येक बळी पडतात, आणि पुढे कुठेही दाद मागण्याची वाट बंद होते.

दाद मागता येते, हेच पुष्कळांना ठाऊक नाही. कॅमेरा धंद्यासाठी घेतला म्हणजे छायाचित्रकार ‘ग्राहक’ नाही, असे सांगून त्याला परत पाठवले जाते. हे कायद्याला धरून नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू वगळली आहे, पण स्वयंरोजगाराने केवळ स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू त्या वगळणुकीतून बाहेर ठेवली आहे. जुन्या कायद्यातील अशाच तरतुदीचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात विशद केला होता: स्वतः यंत्र चालवून पोट भरणारा माणूस ग्राहकच असतो. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे बीडच्या माणसाला कंपनीच्या कचेरीच्या शहरात खेटे घालण्याचे कारण नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. तक्रारीपूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही मांडणी करता येते. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, तेव्हा ग्राहक हा शोषिताचाच एक चेहरा आहे ही जाणीव त्यामागे होती. डाव्या चळवळीने ते क्षेत्र बऱ्याच अंशी इतरांवर सोडून दिले, ही गोष्ट आज बोलून दाखवायला हवी.

कायद्याने मिळते ते मात्र बिघाडानंतरचे भांडण. दुरुस्तीचा हक्क हा त्याच्या अलीकडचा विषय आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली आणि शेतीची अवजारे, मोबाइल व टॅबलेट, टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, एक संकेतस्थळ सुरू झाले. पुढे दुरुस्तीसुलभतेचा निर्देशांक ठरवणाऱ्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. तो मोबाइल आणि टॅबलेटपुरता आहे. कॅमेऱ्याचे नाव कुठेच नाही. युरोपीय संघाने २०२४ साली दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश काढून सभासद देशांना ३१ जुलै २०२६ ही मुदत घालून दिली. त्याच्याही यादीत धुलाई यंत्रे आणि मोबाइल आहेत, कॅमेरा नाही. ज्या वस्तूंचे ग्राहक कोट्यवधी, त्यांचा आवाज मोठा. पोटासाठी कॅमेरा धरणाऱ्यांची संख्या थोडी, म्हणून ते यादीबाहेर. कॅलिफोर्नियाने मात्र १ जुलै २०२४ पासून शंभर डॉलर आणि त्यावरील किमतीच्या इलेक्ट्रॉनिक वस्तू व घरगुती उपकरणांचे भाग, हत्यारे आणि माहिती उत्पादन थांबल्यानंतर सात वर्षे पुरवण्याचे बंधन घातले आहे. भारतात याच कंपन्यांना तेच बंधन घालणे अशक्य आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही.

मागणी म्हणून हीच धरावी: बाजारात आलेल्या प्रत्येक कॅमेऱ्याचे भाग आणि दुरुस्तीची पुस्तिका उत्पादन थांबल्यावर सात वर्षे कोणत्याही कारागिराला उघड्या किमतीत मिळाली पाहिजे आणि ही मुदत वेष्टनावर छापली पाहिजे. कराचाही विचार व्हावा. डिजिटल कॅमेऱ्यावरील वस्तू व सेवा कर १ जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला गेला. दुरुस्तीच्या सेवेवरही १८ टक्केच आहे. छोटा कारागीर नोंदणीच्या मर्यादेखाली असेल, पण भाग घेताना तो कर भरतोच. स्वीडनने २०१७ साली सायकली, पादत्राणे आणि कपडे यांच्या दुरुस्तीवरचा कर २५ वरून १२ टक्क्यांवर आणला होता. ऑस्ट्रियाने २०२२ साली विजेच्या उपकरणांच्या दुरुस्तीचा निम्मा खर्च, दोनशे युरोंच्या मर्यादेत, सरकारी तिजोरीतून देण्याची योजना सुरू केली. दुरुस्ती म्हणजे श्रम आणि नवी वस्तू म्हणजे बहुतांशी आयात, हे दोन्ही एकाच तागडीत तोलणारे करधोरण कोणाच्या सोयीचे आहे, हे फोड करून सांगायला नको.

पण दिल्लीच्या कायद्याची वाट पाहत बीडच्या स्टुडिओवाल्याने हात बांधून बसावे असे नाही. तालुक्यातील दहा-पंधरा छायाचित्रकार एकत्र आले तर १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली त्यांना संस्था नोंदवता येईल, किंवा नोंदणीआधी साध्या लेखी करारानेही काम सुरू करता येईल. प्रत्येकाने पर्यायी बॉडी घरात ठेवणे कोणालाच परवडत नाही. सामाईक दोन बॉडी आणि चार लेन्स सर्वांना परवडतात. ज्याचा कॅमेरा ऐन वेळी बसला त्याने ठरलेल्या भाड्याने त्या न्याव्यात, म्हणजे मांडवात उभे राहून मिळेल त्या किमतीला नवा कॅमेरा हप्त्याने उचलण्याची पाळी येत नाही. फायनान्स कंपनीचा हप्ता आणि मुकादमाची उचल यांचे नाते ज्यांना दिसत नाही, त्यांनी आष्टी-पाटोद्याकडची एखादी वही उघडून पाहावी. जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली मुले रोजगार शोधत पुण्याला जातात; त्यांपैकी दोघांना सूक्ष्म डाग देण्याचे आणि लेन्स उघडण्याचे शिक्षण घेण्यासाठी अशा संस्थेने पाठवावे आणि परत आल्यावर कामाची हमी द्यावी. या सूचनेत क्रांतिकारक असे काही नाही, आणि स्पर्धक दुकानदार एकमेकांवर विश्वास ठेवतील का ही शंका रास्त आहे. ऑर्डरी पळवण्याची भांडणे जुनी आहेत. म्हणून सामाईक कॅमेऱ्याची वही, भाड्याचा दर आणि तुटफुटीची जबाबदारी हे आधी कागदावर यावे. विश्वास त्यानंतर येतो.

हे करण्याचा काळही जिल्ह्याच्या चालीरीतीनेच ठरलेला आहे. दिवाळीनंतर टोळ्या बाहेर पडल्या की स्टुडिओ ओस पडतात आणि कारागिराकडेही गर्दी नसते. हंगामातले कॅमेरे तेव्हाच उघडून साफ करून घ्यावेत, शटरचे आकडे लिहून काढावेत, कोणती बॉडी पुढचा वैशाख काढील आणि कोणती भागांच्या पेटीत जाईल याचा निवाडा करावा. तालुका शाखांतील कार्यकर्त्यांनी पौष-माघात अशी एक बैठक घडवून आणली, तर सात वर्षांच्या मागणीच्या निवेदनावर सह्या करणारी माणसेही तिथेच भेटतील.